वेंडेल प्रोहास्काचा उजवा हात

बेसबॉलची आठवी इनिंग संपवून वेंडेल प्रोहास्का पिचरच्या उंचवट्यावरून खाली उतरला, तर पंच लाइल हेगडॉर्न वाटेत हात पुढे करून उभाच होता. हल्ली इनिंग संपली की चेंडू टाकणाऱ्या पिचरने पंचाला तळहात दाखवायचा, हातमोजा दाखवायचा, टोपी काढून तिची आतली बाजूही दाखवायची. पस्तिशीच्या घोड्याने शाळकरी पोरासारखी नखं दाखवायची! वेंडेलला या प्रकाराची भयंकर चीड होती. पण दाखवत होता बिचारा, रोज दाखवत होता.

लाइलने त्याची बोटं चाचपली, पुन्हा चाचपली आणि नाक जवळ नेलं.

"चिकट लागतायत."

"राळ आहे, लाइल. राळ आणि घाम. ऑगस्ट महिना आहे, काय लोणी लागणार होतं?"

"स्पिरिटने धुऊन ये. डोळ्यांदेखत धू."

वेंडेलने संघ बसतो त्या डगआउटच्या पायरीवर उभं राहून, अख्ख्या गावादेखत हात धुतला. गाव म्हणजे तरी काय, ओहायो नदीकाठचं चिमुकलं मैदान आणि दोनएक हजार माणसं. पण त्यांतल्या एका माणसामुळे वेंडेलचा जीव टांगणीला लागला होता. चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या मागे तिसऱ्या रांगेत, गवती टोपी घातलेला, मांडीवर वही ठेवून बसलेला तो माणूस मोठ्या लीगमधून खेळाडू हेरायला आला होता. मोठ्या लीगमध्ये वेंडेल उभ्या आयुष्यात अकरा दिवस खेळला होता. आज चांगला खेळला तर सप्टेंबरात पुन्हा बोलावणं येणार होतं. नाही आलं, तर पुढच्या वर्षी छत्तीस वर्षांच्या पिचरला कुणी कुत्रं विचारणार नव्हतं.

आणि खेळ तर असा झाला होता की बस्स! आठ इनिंग, समोरच्यांचा एकही रन नाही. वेंडेलचे कॅटफिश एक, समोरचे रेलर्स शून्य.

संशयाचं मूळ तिथेच होतं. बोटांना चिकट काही लावलं की चेंडू हातातून सुटताना जास्त गरगरतो, गरगरला की जास्त वळतो, आणि बॅटर हवेत दांडकं फिरवत बसतो. उंचवट्यामागे पडलेली राळेची पांढरी पुरचुंडी नियमात बसते, तिच्यापलीकडचं सगळं नियमाबाहेर. हाताला चिकट सापडलं की मैदानाबाहेर, वर दहा सामने बंदी. आता या वेंडेलच्या चेंडूची फिरकी यंदा म्हातारपणी वाढली होती. चेंडूचे गरके मोजणाऱ्या यंत्राने तसा आकडाच दाखवला, मग काय, सगळी लीग त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघायला लागली. दोन हिवाळे हा माणूस गॅरेजमध्ये बादलीभर तांदळात मुठी खुपसून, मनगटं भरून येईपर्यंत बोटं उघडत-मिटत बसला होता, हे यंत्राला कुठून दिसणार?

नववी, म्हणजे शेवटची इनिंग सुरू झाली. वेंडेल उंचवट्यावर गेला आणि पंधरा वर्षांच्या सवयीने, काही मनात न आणता, त्याने वाकून पुरचुंडी उचलली आणि हातावर दोनदा आपटली. हात स्पिरिटने अजून ओलाच होता. स्पिरिट आणि राळ एकत्र आली की त्यांची चिकट खळ होते, हे वेंडेलला ठाऊक नसावं? त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण हाताची सवय डोक्याला विचारत बसत नाही.

पहिल्या बॅटरने चेंडू दूर कोपऱ्यात मारून दुसरा बेस गाठला. दुसरा बाद झाला, पण पळणारा तिसऱ्यावर पोचला; तिथून शेवटचा टप्पा गाठला की एक-एक बरोबरी. तिसऱ्याला वेंडेलने तीन चेंडूंत घरी पाठवला. दोन बाद. आणखी एक बाद झाला की सामना खिशात.

तेवढ्यात रेलर्सचा मॅनेजर ओटिस टॉलिव्हर डगआउटमधून बाहेर आला. पोट सांभाळत, रमतगमत, च्युइंगगम चघळत.

"लाइल, जरा त्या साधूचा हात बघ की पुन्हा!"

वेंडेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणीही बोललं असतं तर त्याने गिळलं असतं. पण हा टॉलिव्हर! बारा वर्षांपूर्वी हाच त्याचा कोच होता. याच टॉलिव्हरने एका मोटेलच्या खोलीत, कॉफीच्या भांड्यात डांबर, राळ आणि कोला एकत्र उकळून त्याला खळ करायला शिकवलं होतं. वर पाठ थोपटून म्हणाला होता, "पोरा, आता तू पिचर झालास."

लाइलने वेंडेलचा हात हातात घेतला. बोटं बोटांना चिकटली आणि सुटताना बारीक आवाज झाला. लाइलचा चेहरा पडला.

"बाहेर हो, वेंडेल."

हंगामाचे नऊ सामने उरले होते आणि बंदी दहाची. अशा वेळी पिचर काही बोलत नाही, ही इथली रीत. शिव्या घालायच्या, हातमोजा आपटायचा, निघून जायचं. खळीचं नाव कुणी घेत नाही, कारण घेतलं तर सगळ्यांचंच घ्यावं लागतं.

"नाही होत," वेंडेल म्हणाला.

"काय?"

"नाही जात. तुम्ही धुवायला लावलंत, मी धुतला. ओल्या हातावर तुमचीच राळ बसली, तिची खळ झाली. तुम्ही करून बघा. हे स्पिरिट, ही पुरचुंडी. करा!"

"पंचाला धडे देऊ नकोस."

"सहा वर्षांपूर्वी सामना संपल्यावर तुम्ही माझ्याशी हात मिळवला होतात, आठवतं?" वेंडेलचा आवाज आता चढला होता, पहिल्या चार रांगांना सहज ऐकू जात होता. "तेव्हा कोपरापर्यंत खळ होती माझ्या हाताला. तुमचा हात चिकटला. तुम्ही तो पॅन्टला पुसलात आणि म्हणालात, छान टाकलंस. मी धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही म्हणत मी, लाइल. सात वर्षं लावली खळ. या कोचनेच शिकवली. तेव्हा सगळे हात मिळवत होतात. आज स्वच्छ आहे, तर हुंगताय!"

कॅचर यादिएल धावत आला आणि त्याने वेंडेलची बाही ओढली. "गप बस ना रे म्हाताऱ्या! तो गवती टोपीवाला ऐकतोय!"

"ऐकू दे!"

टॉलिव्हरचं चघळणं थांबलं होतं. "लाइल, हा काय तमाशा आहे? नियम आहे, बाहेर काढ त्याला."

लाइल हेगडॉर्नने बावीस वर्षांत दिलेला निकाल कधी फिरवला नव्हता.  आज त्याने बाटली मागवली, स्वतःच्या हातावर स्पिरिट ओतलं, हात झटकला आणि पुरचुंडी तळव्यावर दोनदा आपटली. थोडं थांबून चेंडू धरला, हात पालथा केला आणि बोटं उघडली.

चेंडू पडला नाही. क्षणभर तिथेच लटकून राहिला, मग टपकन गवतात पडला. प्रेक्षकांत कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"नुसत्या पाण्याने धू," लाइल रुक्षपणे म्हणाला. "कोरडा कर. पुरचुंडी माझ्याकडे राहील. टाकायचं तर उघड्या हाताने टाक." आणि टॉलिव्हरकडे वळून म्हणाला, "तू जागेवर जा."

वेंडेलने हात धुतला, पुसला. पुन्हा उंचवट्यावर उभा राहून त्याने समोर पाहिलं. तिसऱ्या रांगेतली ती जागा रिकामी होती. गवती टोपी जिन्यावरून वर निघाली होती, वही काखेत. खळीची कबुली देणारा पस्तीस वर्षांचा माणूस घेऊन कोण लफडं ओढवून घेईल?  पंधरा वर्षं, आणि ते अकरा दिवस. आता बारावा नव्हता.

यादिएल दोन बोटं खाली करून कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, मागत होता. त्यालाही ती जागा दिसली होती.

पहिला चेंडू साबणासारखा सटकला. यादिएलच्या डोक्यावरून जायचा, पण तो उडी मारून छातीवर आडवा घेतला पोराने. तिसऱ्या बेसवरचा पळणारा दोन पावलं निघून परत फिरला. टॉलिव्हर ओरडला, "बघितलंस लाइल? खळीशिवाय कसा टाकतो तो?"

वेंडेल हसला, खरंच हसला. त्याने मानेवरून बोटं फिरवली, घामाने ओली केली, पॅन्टला पुसली, पुन्हा ओली केली. बघायला कुणी नाही ना? नसू दे. पुढचा चेंडू सरळ, पहिला स्ट्राइक. त्याच्या पुढचा बॅटरने रेषेबाहेर मारला, तो दुसरा. मग कर्व्ह. तांदळाची अख्खी बादली त्याने त्या दोन बोटांत ओतली. चेंडू बॅटरच्या छातीच्या उंचीवरून निघाला आणि ऐन वेळी त्याच्या गुडघ्याखाली बुडाला. बॅट हवेत फिरली. तिसरा स्ट्राइक, तिसरा बाद, सामना खिशात.

यादिएल धावत येऊन त्याच्या गळ्यात पडला. "गेला रे तो," एवढंच त्याच्या कानात म्हणाला.

"माहितीय. उद्याचं काय, खेळायचंय ना?"

सगळे आत निघाले तेव्हा टॉलिव्हर मैदान ओलांडून त्याच्याकडे आला. आवाज हळू केला, जुन्या कोचचा. "मला तर सांग, पोरा. शेवटच्या चेंडूला काय लावलं होतंस?"

वेंडेलने तळहात त्याच्या नाकासमोर धरला. "हुंगा, कोच. लाजू नका."

टॉलिव्हरने खरोखरच हुंगलं. कपाळाला आठ्या घालून दुसऱ्यांदा हुंगलं.

"नुसता घाम आहे हा."

"हो," वेंडेल म्हणाला. "तेवढा एक तुम्ही शिकवला नव्हतात."