औशातला समुद्र

मार्गशीर्षाचं ऊन औशाच्या काळ्या रानावर उतरलं होतं. मऊ, मंद, सुवर्णवर्णी. ज्वारी पोटऱ्यात आली होती, करडई काटेरी हिरवी झाली होती, तुरीच्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या. सगळं होतं. समुद्र तेवढा नव्हता.

नव्हता, म्हणून मनस्वीनं तो करायला घेतला.

समुद्रकाठच्या देवबागच्या मासेमारांची ही लेक, हालकुड्यांच्या लिंगायत, शाकाहारी घरात नुकतीच सून होऊन आली होती. खिडकीशी तिनं काचेची टाकी मांडली. गाळलेलं पाणी ओतलं, समुद्री मीठ विरघळवलं, माहेरच्या खाडीतले ओले दगड अलगद ठेवले. पाणी नितळ, निळसर, निष्कलंक झालं. आणि तिथंच सगळं अडलं.

कारण त्या दगडांच्या रंध्रारंध्रांत अदृश्य, अतिसूक्ष्म जीव उपाशी बसले होते. माशांची घाण खायची आणि पाणी राहण्याजोगं करायचं, हा त्यांचा धर्म. घाण नाही तर ते वाढणार कसे? आणि ते वाढण्याआधी मासे सोडले, तर मासे आपल्याच घाणीत गुदमरणार. माहेरी बाबा अशा वेळी एक कोळंबी पाण्यात कुजायला टाकत. तिच्यातून उग्र अमोनिया सुटे, त्या जीवांना अन्न मिळे, पाणी हळूहळू मुरे.

पण या घरात कोळंबीचं नाव काढायला तिची जीभ रेटेना.

आणि तिकडे देवबागात तिचे दोन मासे होते. पिवळ्या पाठीचे, काळ्या पट्ट्यांचे, नखाएवढे असल्यापासून तिनं वाढवलेले. बाबा आता नव्हते; माघात भाऊ जयवंतही जहाजावर नोकरीला निघणार होता, घराला कुलूप लागणार होतं. काचेत वाढलेले जीव ते, उघड्या समुद्रात टिकले नसते. पाणी मुरलं तर ते औशाला येणार होते, नाहीतर कुठेच जाणार नव्हते.

मनस्वी रोज काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेई, तपासणीच्या औषधाचे थेंब टाकी, रंग बघे. नळी पिवळीच राही. म्हणजे अमोनिया नाही, म्हणजे काही सुरूच नाही. हळदीचा, लग्नाचा, मंगल रंग तो. तिला त्याचा राग येऊ लागला.

वेळ अमावस्या, रानात जाऊन पूजेचा नि जेवणाचा सण, तोंडावर आली. पितळेची भांडी कल्हई होऊन लखलखत होती, सासूबाई महानंदाबाई नव्या मडक्यात ज्वारीची आंबील आंबायला लावत होत्या.

"काय बघालीस गं रोज त्या रिकाम्या पाण्यात?"

"पाणी मुरत नाही, आत्या." सासूला ती आत्या म्हणे. "त्यात काहीतरी टाकावं लागतं."

"तुमच्याकडं काय टाकतेत?"

"कोळंबी," मनस्वी म्हणाली, आणि म्हटल्यावर घाबरली.

महानंदाबाईंच्या कपाळाला आठी पडली. भस्माच्या तीन रेषा वाकल्या, मग सावकाश सरळ झाल्या.

"ते नको बाई इथं. पण तिच्यात असतंय तरी काय एवढं?"

"कुजली की उग्र वास सुटतो. नाकात झिणझिण्या आणणारा."

"कल्हई करताना उठतोय, तसला?"

मनस्वी चमकली. तापल्या भांड्यात नवसागर पडतो, तेव्हा उठणारा तो पांढरा, झोंबरा धूर! नवसागर म्हणजे अमोनियाचाच क्षार, हे ती कॉलेजात शिकली होती. आणि परीक्षा झाल्यावर विसरली होती, आपण सगळे विसरतो तशी.

कल्हईवाल्याच्या मालावर महानंदाबाईंचा काडीचा भरवसा नव्हता, त्यामुळे नवसागर घरचाच असे. त्यांनी फडताळातून डबी काढली आणि कोरा खडा सुनेच्या हातावर ठेवला.

चिमूटभर भुकटी पाण्यात पडली. नळी हिरवी झाली, गर्द, पाचूसारखी हिरवी. मनस्वीला इतका आनंद झाला की ती त्या हिरव्याकडे बघत उभीच राहिली.

पण हिरवा हटेना. आंबील पिऊन झाली, संक्रांतीचे तीळ वाटून झाले, नळी हिरवीच. तिचा धीर सुटू लागला.

"आंबिलीचं मडकं सारखं उघडून बघतेत का गं?" महानंदाबाई करवादल्या. "होतंय त्याचं त्याचं. झाकून ठेव तुझं ते औषध."

आणि झालं. कुणी न बघता, कसलाही आवाज न होता, झालं. हिरवा फिका पडला. अमोनियाचं दुसरं विष झालं, ते दाखवणारी दुसरी नळी जांभळी झाली. मग जांभळाही विरला. नवी चिमूट टाकली, तर दुसऱ्या दिवशी तिचा मागमूस नाही. अदृश्य सेना पोटभर जेवत होती.

माघात जयवंत एसटीनं आला, मांडीवर पाण्याची पिशवी सांभाळत. मासे टाकीत उतरले, आणि थेट दगडाआड जाऊन बसले. खाईनात, दिसेनात. जयवंत जहाजावर गेला. मनस्वी जेवतानाही उठून टाकीशी वाकू लागली.

"नवं घर हाय," महानंदाबाई म्हणाल्या. "कोपरा धरणारच. तू बी धरला हुतास की."

मनस्वीनं मान वर केली. सासूचं आपल्याकडे इतकं लक्ष होतं, हे तिला माहीत नव्हतं.

एका सकाळी तिरपं ऊन टाकीत शिरलं. दगडामागून एक पट्टा हलला. मग दुसरा.

"आत्यानू!" मनस्वी ओरडली, माहेरच्या बोलीत, या घरात पहिल्यांदाच. "आत्यानू, बघा, भायर इले!"

महानंदाबाई भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन धावत आल्या. बोली कळली की नाही, त्यांनी विचारलं नाही. दोघी खिडकीशी वाकल्या, खांद्याला खांदा लावून. आणि काळ्या रानाच्या मधोमध, उन्हानं भरलेल्या त्या खाऱ्या पाण्यात, पिवळे, पट्टेरी, जिवंत दोन मासे फिरत राहिले, फिरत राहिले.