तिसरं मशीन

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळे कारागीरबाईच म्हणत. एका लाँड्रीत कामाला गेल्या असताना सुटा भाग यायला तासभर लागला, म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या पिनबॉल या खेळाच्या मशीनवर हात चालवून पाहिला. गोळी परतवणारे दोन फ्लिपर, त्यांच्या मधून पोलादी गोळी सुटली ती गेलीच. दहादा खेळल्या, दहादा हरल्या. एखाद्या यंत्राने त्यांना असं नाकावर टिच्चून हरवावं, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

"एक पिनबॉल घेणार आहे मी," त्यांनी घरी जाहीर केलं. "जुनं चालेल."

"ठेवणार कुठे? माझ्या डोक्यावर?" सासूबाईंनी विचारलं.

"शिवणाच्या टेबलाच्या जागी. माप घेतलंय."

बसचालक नवऱ्याने कपाळाला हात लावला.

पहिल्या मशीनची गोळी धावते ती फळी ओलीने फुगली होती. दुसऱ्याचा मालक काच उघडू देईना, तशा कारागीरबाई आल्या पावली परतल्या. तिसरं होतं सलून बंद करून लेकीकडे राहायला निघालेल्या न्हावीकाकांचं. काकांनी बटण दाबलं, दिवे लागले, घंटा वाजल्या.

"बघा, कसं लोण्यासारखं चालतंय!"

"काच काढा."

"चालतंय म्हटल्यावर काच कशाला?"

"काका, डावा फ्लिपर अर्ध्यातच दम टाकतोय. का ते बघू द्या."

कुरकुरत काकांनी काच सरकवली. बाईंनी फळी उचलून टेकवली आणि टॉर्च धरून आत डोकं घातलं.

"केस आहेत आत! अख्ख्या वस्तीची हजामत अडकलीय इथे."

काका खो खो हसले. बाईंनी एकेक तार पाहिली. जळकं काही नव्हतं.

"घेते."

"उद्या एक खानावळवाला येणार आहे पण. त्याला शोभेला हवंय."

"मला खेळायला हवंय. आणि मी आज नेतेय."

काकांनी मशीनकडे एकदा पाहिलं. "मग धरा तिकडून," ते म्हणाले.

पाय काढले, मागची उभी पेटी आडवी केली, तरी घराच्या जिन्याच्या दुसऱ्या वळणावर धूड अडकलं. नवरा घामाघूम झाला. सुतारकाम करणारा दीर म्हणाला, "वहिनी, नाद सोडा. हे वळायचं नाही."

बाईंनी टेप काढला. तीन बोटं जागा कमी पडत होती.

"कठडा काढा. चारच तर स्क्रू आहेत."

"आणि घरमालक?"

"त्यांना मी विचारते."

त्या वर गेल्या. काय बोलल्या कोण जाणे, पण खाली आल्या तेव्हा मागून घरमालक स्वतःच पेचकस घेऊन येत होते.

सुट्टीच्या दिवशी बाईंनी ब्रशने केस काढले, फ्लिपरची झिजलेली नळी बदलली, पायांखाली रबर घालून मशीन समपातळीत आणलं. मग गोळी सोडली. डाव्या फ्लिपरने ती थेट वरपर्यंत भिरकावली. घंटा घणघणल्या. खाली येताना मात्र गोळी नेमकी मधूनच निसटली.

"हरलीस की," सासूबाई म्हणाल्या.

"हरले. पण डावा आता ठणठणीत आहे."

बाईंनी बाह्या सरसावल्या आणि दुसरी गोळी सोडली. सासूबाईंनी नीट दिसावं म्हणून खुर्ची पुढे ओढली.