शनिवारचा उजेड

अवेळी आलेले हसू हा फार मोठा अपराध नव्हे. परंतु ज्याच्या दुःखावर ते सांडते, त्याला क्षमेचा पहिला शब्द उच्चारणे अतिशय जड जाते.

धाकट्याने खळीचा ब्रश पाण्यात बुडवला, हात सदऱ्यालाच पुसले आणि कोपऱ्यातल्या दूरचित्रवाणी संचाकडे धाव घेतली. बारा वाजायला चार मिनिटे होती. महिनाभर ज्याची वाट पाहिली, तो दर शनिवारच्या जपानी विनोदवीरांच्या स्पर्धेचा अंतिम सामना आज होता.

"वहिनी, लवकर या! आज ते दोघे आहेत, दारवाले!"

दोघा भावांच्या त्या पुस्तकबांधणीच्या दुकानाचे एका काचेने दोन भाग केले होते. अलीकडे धाकटा पाने शिवी आणि पुठ्ठ्यांवर सोनेरी अक्षरे उठवी. पलीकडे थोरला ती पाने पुठ्ठ्यांत बसवी. तयार पुस्तक तपासणीसाठी काचेतल्या झरोक्यातून पुन्हा अलीकडे येई. शब्द मात्र तीन वर्षांत एकही आला नव्हता. वडिलांच्या शोकसभेत एका वक्त्याने भलत्याच माणसावरचे भाषण वाचले होते, आणि बादलीतल्या पाण्यालाही बिचकणाऱ्या त्या वृद्धाचा 'थोर जलतरणपटू' म्हणून गौरव केला होता. सारे सभागृह माना खाली घालून बसले. धाकटा एकटाच खो खो हसला, आणि थोरल्याने बोलणे टाकले.

वहिनीने चहाचा एक पेला पलीकडे ठेवला आणि दुसरा घेऊन ती अलीकडे आली.

"भावोजी, निरोप आहे. सोमवारी सुतार येतोय. काचेच्या जागी फळ्या मारायच्यात."

धाकट्याने पेला खाली ठेवला.

"का पण?"

"ह्यांच्या डोळ्यांवर उजेड येतो म्हणे." तिने आवाज खाली आणला. "आणि गंमत बघा, तो मेला फक्त शनिवारीच येतो."

"फळ्या लागल्या की संपलंच, वहिनी. बोलत नाही तर नाही, निदान दिसतो तरी."

"मग जाऊन बोला ना."

"तीनदा माफी मागून झाली. माझ्याकडे बघत पानं मोजत बसला दादा."

एवढ्यात पडद्यावर तो सडपातळ इसम अवतरला आणि धाकट्याचा चेहरा दिवा लागावा तसा उजळला. इसमाचे डोके दाराला आपटले. त्याने दाराला वाकून नमस्कार केला व क्षमा मागितली. दार उघडून पुन्हा त्याच्या डोक्याला लागले. त्याने अधिकच वाकून, अधिकच गहिवरून क्षमा मागितली. त्याचा लठ्ठ जोडीदार शेजारी निश्चल उभा होता. तीन श्वास तो तसाच थांबला आणि मग त्याने घड्या घातलेला कागदी पंखा काढून इसमाच्या डोक्यावर फाडकन हाणला.

हसून हसून धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी आले. त्याला त्या भाषेचा एक शब्दही कळत नव्हता.

"पण मारायचं कशाला बिचाऱ्याला?" वहिनी म्हणाली.

"अहो, तीच तर मजा! नाही मारलं तर तो एकटा वेडा. मारलं की दोघांची जोडी होते. आणि मारायचं ते तीन श्वास थांबून. आधी नाही, नंतर नाही."

तसाच एक पंखा त्याने उरलेल्या पातळ पुठ्ठ्याचा केला होता. दोन वर्षे तो खिळ्यावर लटकत होता. स्वतःच्या हाताने स्वतःला मारून पाहिले होते. त्यात काही राम नव्हता.

झरोक्याची फळी सरकली आणि न्यायनिवाड्यांचा एक जाडजूड खंड अलीकडे आला. धाकट्याने तो उघडला. पुठ्ठा सुलट होता. आतली सारी पाने उलटी बसली होती. तीस वर्षांत थोरल्याच्या हातून टाचणीएवढी चूक झाली नव्हती. धाकट्याने मान वर केली. पलीकडे थोरला खळीच्या भांड्यावर वाकला होता, परंतु ब्रश कोरडा होता. त्याचे मेज कधी सरकले कोण जाणे; आता ते खिडकीकडे पाठ करून काचेतून थेट दूरचित्रवाणीसमोर होते.

खळ अजून ओली होती. पुस्तक मुकाट्याने परत दिले असते, तर चूक कुणालाही कळली नसती.

तो काचेसमोर आला, काचेकडे पाठ करून कमरेत वाकला, डोके दोन गुडघ्यांमध्ये घातले आणि पुस्तक जसे होते तसेच धरून खणखणीत आवाजात वाचू लागला.

"सर्व पुराव्यांचा साधकबाधक विचार करता, हे न्यायालय अशा निष्कर्षाप्रत आले आहे की..."

"अहो भावोजी, बावन्न वर्षांचे झालात, कंबर धरेल!"

मधले दार उघडले. पावले आली. खिळ्यावरून काहीतरी निघाल्याचा आवाज झाला. येणाऱ्याला शोधाशोध करावी लागली नाही. मग सारे शांत झाले. धाकटा तसाच वाकून श्वास मोजू लागला. एक. दोन.

तिसऱ्या श्वासाला पंखा फाडकन पाठीवर पडला.

"अरे गाढवा, पुस्तक फिरव की!"

धाकट्याला सरळ होता येईना. तो हसत होता की आणखी काही, हे त्या अवस्थेत कळण्याजोगे नव्हते. थोरला पंख्यावरची धूळ फुंकत उभा होता आणि त्याचे खांदे गदगदत होते.

"बाबांना पोहता येत नव्हतं," तो मोठ्या कष्टाने म्हणाला आणि त्याचाही बांध फुटला.

वहिनीने पलीकडचा चहाचा पेला झरोक्यातून उचलून घेतला.

"सुताराला काय सांगू?"

"एक बाक कर म्हणावं," थोरल्याची नजर पडद्यावर खिळली होती. "आता जरा गप्प बसा, दारवाले पुन्हा आलेत."

ती काच सदैव निर्मळ राहो. आणि तिच्यामागे हसणाऱ्यांना दीर्घ आयुष्य लाभो.