पाठीवरची पुसलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुने बेसबॉलचे कार्ड आहे. काचेच्या कपाटात अगदी मानाने बसले आहे, तरी माझा जीव अजून थाऱ्यावर आलेला नाही. का, ते ऐका.

माझा जन्म १९५६ सालचा. ते कुणी सांगायला नको. माझ्या पाठीवर खेळाडूची वर्षावार कामगिरी छापली आहे आणि तिची शेवटची ओळ १९५५ची आहे. म्हणजे पुढच्याच वर्षी मी छापले गेले. पुढच्या बाजूला अमेरिकेत आयोवातल्या आमच्या गावचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, एमिल स्त्राका. च्युइंगमच्या पाकिटातून मी दहा वर्षांच्या व्हर्नाच्या हाती पडले. गल्लीतली पोरे माझ्या भावंडांना सायकलच्या चाकात अडकवून फटफट आवाज काढत फिरत. माझ्यावरही त्यांचा डोळा होता, म्हणून व्हर्नाने मला पावाच्या डब्यात लपवले. त्यामुळे माझे कोपरे शाबूत राहिले, पण बसून बसून जीव विटला. सही नसलेले कार्ड म्हणजे काय, नुसता छापील पुठ्ठा!

बावीस वर्षे गेली. एमिल खेळ सोडून गावी परतला आणि पन्नाशीत त्याला अर्धांगवायू झाला. ज्या उजव्या हाताने भल्याभल्यांना घाम फोडला, तो लुळा पडला. एमिल कुणाला भेटेना. व्हर्ना तेव्हा चर्चच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि त्याच्याकडे सूप आणि कोलाचे नावाचे फळे भरलेले गोड पाव घेऊन जायची. एके दिवशी तिने सुपाच्या वाडग्याशेजारी मला ठेवले.

"सही? कशाने करू, नाकाने?" तो खेकसला.

"डावा हात काय शोभेला ठेवलाय?" व्हर्ना म्हणाली.

त्याने मार्कर उचलला. सूप गार होऊन गेले, तरी त्याचे लिहिणे चालूच होते. शेवटचे अक्षर माझ्या कडेवरून घसरता घसरता राहिले. आजारानंतर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले ते पहिले नाव. त्याची बायको दारात उभी राहून रडत होती. मी धन्य झाले. घरी येऊन व्हर्नाने माझ्या पाठीवर पेन्सिलीने तारीख घातली आणि खाली लिहिले, 'एमिलच्या स्वयंपाकघरात, डाव्या हाताने.'

गेल्या वर्षी गावच्या मैदानाशेजारच्या संग्रहालयाने एमिलसाठी कपाट करायचे ठरवले. त्यांना सही केलेले कार्ड हवे होते, पण खरे ठरलेलेच. व्हर्नाचा भाचा लाईल मोठा हौशी. त्याने मला ताब्यात घेतले. पाठीवर कुणी लिहिलेले असले की कार्डाची किंमत उतरते, असे त्याने कुठेतरी वाचले होते. माझी ओळ मात्र त्याने वाचलीसुद्धा नाही! खोडरबर घेऊन असे घासले की पाठ हुळहुळली. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, पण पुठ्ठ्याचे कोण ऐकतो?

संग्रहालयात कार्डे तपासायला ऑरव्हिल टेसार बसतात. त्यांनी माझ्यावर भिंग धरले.

"छप्पन सालची सही आहे, साहेब. ऐन भरातली!" लाईलने ठोकून दिले.

"छप्पन साली असला मार्कर कुठून आणला रे? आणि एमिलच्या सह्या मी ढिगाने पाहिल्यात. हे कसले कोंबडीचे पाय? खोटी आहे ही. घेऊन जा."

खोटी! त्या हाताने एवढे कष्ट घेतले आणि ते खोटे? माझा नुसता तळतळाट झाला. लाईल गडबडला. त्याने व्हर्नाला फोन केला आणि ती काठी टेकत, धापा टाकत आली. मला उलटे करून पाहताच तिचा चेहरा उतरला.

"लाईल, इथलं कुठे गेलं?"

"ते खरडलेलं होय, आत्या? मी साफ केलं."

"साफ करायचं तर नाक साफ करावं, मेल्या! साक्ष होती ती माझी!"

मग तिने टेसारना सगळे सांगितले. त्यांनी मला दिव्याखाली तिरपे धरले. पेन्सिल दाबून लिहिल्याचा वळ थोडासा उरला होता.

"अठ्ठ्याहत्तर दिसतंय खरं. पुढचं काही लागत नाही. तेव्हा तिथे असलेलं आता कोण उरलंय, व्हर्ना?"

"मी."

"मग लिहून दे. नुसतं सांगून भागायचं नाही."

व्हर्नाची बोटे सांध्यांपाशी सुजलेली. दोन ओळी लिहिल्या की ती थांबे, श्वास घेई, आणि मला वाटे, अर्ध्यावरच राहिले तर? अखेर तिने सही केली. सहीची अक्षरे ओळ सोडून पार खाली उतरली.

"नवा कागद देतो," टेसार म्हणाले. "सही हललीय जरा."

लाईलने पटकन कागदावर हात ठेवला. "नको. आहे तशीच राहू दे."

टेसारनी मला कपाटात ठेवले आणि शेजारच्या चिठ्ठीवर दोन साले लिहिली: कार्ड १९५६, सही १९७८.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, त्यांच्यावरची धूळ झटका. पण कुणी काही लिहून ठेवलेले दिसले, तर पुसण्याआधी वाचा. वाचून कळले नाही, तर लिहिणाऱ्या माणसाला जाऊन विचारा, आणि आजच विचारा. माझी हकिकत ठाऊक असलेले एकच माणूस उरले होते, आणि ते एकोणऐंशी वर्षांचे होते.