हंबीररावांच्या बैलावरचा पाऊस

"डॉक्टर, तुमचा इस्वास बसणार न्हाय, पण वाचता येणारा बैल अख्ख्या जिल्ह्यात एकच झाला, आन त्यो मी रंगवलाय," असं म्हणून मी दूध संस्थेच्या कट्ट्यावर पाय वर घेतले. गुरांचे नवे डॉक्टर चहा पिता पिता थांबले. नवा माणूस सापडला की मला राहवत नाही.

मी केरबा पेंटर. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती आणि बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, बैल, एवढंच आयुष्यभर रंगवलं.

२००५ च्या पुरात माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काताईच्या, दोन म्हशी दावणीलाच गेल्या. तिसरी गाभण, ती तेवढी वाचली. अक्काचं घर ओढ्याकाठी आणि ओढ्याचं तोंड बागायतदार हंबीररावांनी मातीचा बांध घालून बुजवलेलं. आत त्यांचा ऊस. सगळ्यांना ठाऊक होतं, पण निम्मं गाव त्यांच्या कामावर. बोलणार कोण?

पुढच्या उन्हाळ्यात कोल्हापूरच्या कॉलेजातून प्रियदर्शनी नावाची पोरगी आली. पंचायतीत तिने तक्ता टांगला. पाऊस आता थोड्या दिवसांत दणकून पडतोय, पाण्याची वाट मोकळी ठेवा, असं सांगत होती. ऐकायला सहा माणसं, त्यातली चार झोपलेली. तक्ता गुंडाळताना ती रडायच्या बेताला आली.

"बाई, कागूद कोण बघतंय हितं?" मी म्हणालो. "बेंदराला बैल बघाय दोन गावं लोटत्यात."

हंबीररावांचा पांढरा खिलार दरवर्षी मीच रंगवायचो. त्या बेंदराला शिंगांना हिंगूळ लावला आणि अंगावर ठशांऐवजी पट्टे ओढले. मानेकडून शेपटीकडे एकेक वर्ष. वर निळा पट्टा त्या वर्षीच्या सगळ्यात मोठ्या पावसाचा, तिच्या तक्त्यावरून. खाली तांबडा, पाणी किती दिवस तुंबलं त्याचा. तो हिशेब अक्काने आणि म्हाताऱ्या बायकांनी कुठली म्हैस कधी व्याली यावरून लावून दिला. बांध घातला त्या वर्षापासून तांबडे पट्टे लांबतच गेले. शेवटचा तर पोटाखालून पलीकडे निघाला.

"झ्याक! नवी फॅशन दिसतीया," हंबीरराव खूश.

मिरवणुकीत प्रियदर्शनी बैलाबरोबर चालत, विचारील त्याला पट्टे समजावत होती.

"ह्या वर्साला आमचं भात कुजलं बघा."

"आन ह्या वर्सी? दोन दिसांत उतरलंतं की पाणी!"

"तवा बांध कुठं हुता?"

गलका वाढला. अक्का पुढे झाली, शेवटच्या तांबड्या पट्ट्यावर हात ठेवून हंबीररावांना म्हणाली, "दादा, ह्यात माझ्या दोन म्हशी हाईत. तिसरीबी जाऊ दे व्हय?"

हलगी थांबली. कासरा हंबीररावांच्या हातात. ते तिच्या हाताखालचा पट्टा बघत राहिले.

"मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग काय, बैलानं मान वळवून सोत्ताच्या अंगावरचं सगळं वाचलं. शेवटच्या पट्ट्याला फुसकारला, कासरा तोडला, आन सुटला की बांधावर! अर्ध्या तासात शिंगानं सहा फूट भगदाड पाडलं."

"बैलानं वाचलं?"

"व्हय की. बिनचष्म्याचं."

डॉक्टर हसले. पण पुढचं खरं होतं, ते मी आवाज उतरवून सांगितलं. त्या पावसाळ्यात पाणी परत चढलं, अक्काच्या पायरीला लागलं. ती उंबऱ्यावर बसून पाण्याला "जा बाई, जा" म्हणत होती. दुसऱ्या दुपारी ते खरंच ओढ्याने निघून गेलं. मी पोचलो तेव्हा मागे म्हैस रवंथ करत होती, रेडकू तिला ढुशा देत होतं आणि अक्का उंबऱ्यावरच गाढ झोपली होती.

"खोटं बोलतोय ह्यो, डॉक्टर."

मी वळून पाहिलं. दूध घालून झालेले हंबीरराव रिकामी किटली घेऊन मागे उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

"त्या रात्री बैल गोठ्यात हुता," ते म्हणाले. "लाजंनं मी गप बसलो, म्हणून ह्येनं इतकी वर्सं बैल पुढं केला. बांध मी फोडला. फावडं अक्कांकडनंच मागून आणलं हुतं."