रतनबाईच्या राबातली देवी

रतनबाईच्या राबातून निघालेली देवी शेवटी कांदा ठरली. पण हे घडलंच नाही, असा ठराव कान्हे गावच्या पंचांनी एकमतानं केला आहे. तेव्हा आपणही ते विसरू, आणि देवी अजून देवीच आहे असं धरून सांगू.

सन चौतीसचा वैशाख. रतनबाईच्या राबाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. शेण, पातेरा, फांद्या पसरून भाजलेला तो अंगणाएवढा तुकडा. मिरगाला त्यात भाताचं बी पडायचं, तेच रोप उपटून खाचरात जायचं. रोप नाही तर भात नाही, आणि भात नाही तर रतनबाई नाही. हिशेब एवढा सोपा होता. आणि त्या राखेतून, पान नाही की फांदी नाही, नुसत्या दांड्यावर लालभडक चेंडूएवढी फुलं उभी!

"आधी पांढरं सांगितलं, पांढरं आलं! मग लाल सांगितलं, लाल आलं!" पुष्पानंद महाराज गरजले. "आता तीर्थ शिंपा, आठ दिवसांत माता गुलाबी नेसेल!"

तीर्थ म्हणजे विहिरीचं पाणी. गावानं चाळीस घागरी शिंपलं. माता गुलाबी नेसली.

महाराज शिमग्यानंतर आले होते. राब भाजल्याबरोबर त्यांनी चटयांचा आडोसा करून आत तीन दिवस भूमिशुद्धी केली. भूमिशुद्धीला खुरपं कशाला लागतं, हे कुणी विचारलं नाही. राब भाजला की पेरणीपर्यंत त्यात पाय घालायचा नाही, राख उडते, ही तर वाडवडिलांची रीत. एरवी शेजाऱ्यानं बांध बोटभर सरकवला तरी ओळखणारं गाव. पण आपण पेरलं नाही म्हणजे देवानंच पेरलं, यावर सगळ्यांचं एकमत.

"आवो महाराज," रतनबाई म्हणाली, "मंग म्या रोप कुटं टाकू?"

"माते, जमीन मठाला दे. रोपाचं देवी बघेल."

"देवी लावनीला येनार व्हय?"

"रतने, त्वांड आवर!" हौशीराम ओरडला. हा रेल्वेच्या गँगमधला, मराठी चौथी पास, म्हणून गावचा विद्वान. "कोप झाला तर तुज्यामुळं गाव बुडंल."

पंचांनी कागद तयार ठेवला होता. उद्या सकाळी अंगठा.

सकाळी अंगठ्याला शाई लागली, तेवढ्यात डोंगरावरची सारजाबाई आली. ती दरसाल वैशाखात रतनबाईकडे कामाला यायची; एरवी तुंगार्लीच्या बंगल्यांवर मोळ्या टाकायची. उन्हाळ्यात तिच्या घरची चूल रानातल्या कंदांवर चाले. तिनं फुलं पाहिली, आधीच्या पांढऱ्याचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"मावशे, पांढरा त्यो भुईचाफा व्हता. आमच्या दारात दरसाली असाच निघतो, बिनपानाचा. त्याला कुनी निवद दावत न्हाई."

आणि टोकदार काठी घेऊन ती सरळ राबात शिरली.

"भस्म होशील!" महाराज किंचाळले.

"राखंतच हुबी हाय, बाबा. आनि किती भस्म व्हायाचं?"

काठी खुपसली, उचकटली. वीतभर खाली कांद्याएवढा गड्डा, त्याच्या डोक्यावर लाल फूल. त्या गड्ड्याच्या वर, मातीतच चार बोटांवर, लसणाएवढ्या गड्ड्या.

"ह्ये गुलाबी. ह्येंला पानी लागतं. लाल पान्याबिगर येतं. आन ह्यो निराळा, अजून निजलाय." तिनं दातांनी कोंब सोलला. "ह्यो पिवळा. आखाडी पुनवेला देवी पिवळी नेसंल, घ्या लिवून."

देवीच्या आधी देवीचं लुगडं सांगणारी बाई गावानं पहिल्यांदा पाहिली.

"तो मातेचा गर्भ आहे!" महाराज म्हणाले.

"मंग मातेला ह्ये काय बांदलंय?"

गड्ड्याला सुतळीनं पत्र्याची चकती बांधलेली होती. हौशीरामनं वाचली, मग पुन्हा वाचली, मग आवाज बारीक केला: "शेटचा बंगला, तुंगार्ली. वाफा तिसरा. हात लावू नये."

"अंबाजी माळी रं ह्यो!" सारजाबाई म्हणाली. "दाढीनं वळखला न्हाई. शेटच्या वाफ्यात असंच लावायचा, येक खाली, येक वर. येक सुकलं की दुसरं फुलतं, वाफा कदी उघडा पडत न्हाई. गड्डं चोरलं म्हनून शेटनं हाकलला."

महाराजांनी समाधी लावली. डोळे उघडले तेव्हा ते कामशेतच्या वाटेवर धावत होते.

रतनबाईनं गड्डे उपटले, मिरगाला बी टाकलं, रोप गुडघ्याएवढं झालं. एक गड्डा नजरेतून सुटला होता. बरोबर पुनवेला रोपात पिवळं फूल आलं, आणि दोन बायका हळद-कुंकू घेऊन हजर! रतनबाईनं त्यांच्यासमोर ते फूल उपटून म्हशीला घातलं. म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं; कान्ह्यात एवढी अक्कल दाखवणारी ती दुसरीच.

मग शाई वाया जाऊ नये म्हणून तिनं हौशीरामला बसवून अर्ज लिहवला:

"मेहेरबान मामलेदारसाहेब यांचे सेवेशी, विनंती ऐसी जे, यापुढे तालुक्यात कोणाही देवास उगवणे असल्यास त्याने पंधरा दिवस आधी लेखी कळवावे व मुळासकट हजर राहावे. तसेच रयतेस हुकूम व्हावा की, नवल दिसताच हात जोडू नयेत; आधी त्याच हातांनी माती उकरून पाहावी. खाली अर्जदाराचा अंगठा असे. तो दुसऱ्या कोणत्याही कागदावर उठणार नाही, याची सरकारदप्तरी नोंद व्हावी."