आळणी

डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे ओढला, घसा साफ केला आणि हळूहळू सांगायला सुरुवात केली, तेव्हा वस्तादांची बायको त्यांच्या चष्म्याकडे बघत होती. चष्म्याच्या दुकानात उभी हयात गेलेली बाई. वाकडी फ्रेम दिसली की तिचे हात शिवशिवत. गाठ कॅन्सरची आहे, आधी ऑपरेशन आणि मग किमो, एवढं सांगून डॉक्टर थांबले, तशी ती म्हणाली, "तुमच्या चष्म्याची डावी काडी सैल झालीय. द्या इकडे." त्या भल्या माणसानं खरंच चष्मा काढून दिला. तिनं काडी दोन बोटांत धरून हलकेच वाकवली, रुमालानं काचा पुसल्या आणि चष्मा परत करता करता विचारलं, "केस जातील ना?"

जातील, डॉक्टर म्हणाले. पुन्हा येतीलही.

शेजारच्या खुर्चीत वस्ताद गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. पहिल्या शब्दानंतर त्यांच्या कानांत काहीही शिरलं नव्हतं. एका मोठ्या कचेरीच्या कॅन्टीनचे ते मुख्य आचारी. त्यांचं खरं नाव पगारापुरतं उरलं होतं. साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्यांना वस्ताद म्हणत, आणि गंमत म्हणजे ते स्वतःही स्वतःला वस्तादच समजत. उठता उठता त्यांना कंठ फुटला. पथ्य काय, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं की पथ्याचं फारसं काही नाही, अन्न ताजं आणि स्वच्छ असावं, मग त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या. मात्र खाणं सुटू देऊ नका.

वस्तादांच्या जिवात जीव आला. आजारातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण बायकोला खाऊ घालायचं म्हणजे खेळ घरच्याच मैदानावर. घरी येईपर्यंत त्यांनी मनात पंधरा तऱ्हांची सुपं शिजवून ठेवली होती.

ऑपरेशन नीट पार पडलं. टाके सुकले, आणि किमोचा पहिला दिवस उजाडला. खुर्चीत बसून हातात सुई, वर टांगलेली बाटली, आणि बायको शेजारच्या पेशंटला सांगत होती की गोल चेहऱ्याला गोल चष्मा घेऊ नये. वस्तादांनी मान वळवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. रोज मणभर मटण तोडणारा माणूस, पण सुई बघवत नव्हती. शेवटी नर्सनं पेशंटला सोडून त्यांनाच आधी पाणी दिलं.

खरी फजिती पुढेच होती. दोन दिवसांनी वस्तादांनी आपलं हुकमी सूप केलं. हाडं मंद आचेवर सकाळपासून उकळलेली, वरून लोणी, मिरी, लसणाचा हलका हात. बायकोनं एक चमचा तोंडात घेतला आणि वाडगा अलगद पुढे सरकवला.

"काय झालं?"

"चावी चोखल्यासारखं लागतंय," ती म्हणाली. "गंजलेली."

मग टोमॅटोचं झालं, मक्याचं झालं, कोंबडीचं झालं. कशाला चावीची चव होती, कशाला नळाच्या तोटीची, एकाला तर म्हणे कुलूप-चावी दोन्हींची. बाई मुळातच रोखठोक. दुकानात ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगे की ही फ्रेम तुमच्या नाकाला झेपणार नाही. नवऱ्याला कुठून सोडणार? पण आता ती बोलताना त्यांच्याकडे बघत नसे, आणि तेच वस्तादांना जास्त लागे.

त्यात वासाची भर पडली. कांदा परतायला घेतला की बायको तोंड दाबून न्हाणीघराकडे धावे. स्वयंपाकघर बंद झालं. मग वस्ताद कॅन्टीनमधून घरी आले की त्यांच्याच अंगाला तळणाचा वास येऊ लागला. ते जिन्यातच शर्ट बदलू लागले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दोनदा दार उघडलं, उघड्या अंगाचे वस्ताद पाहिले आणि दोनदा बंद केलं. कॅन्टीनमध्येच आंघोळ करून यायचं ठरलं, तर साबणाचा वास नडला. बिनवासाचा साबण आणला, तेव्हा कुठे त्यांना स्वतःच्या घरात प्रवेश मिळाला. इतकं करून रोज काय शिजवायचं, तर काही नाही. बायको टोस्टाचे कोपरे कुरतडून दिवस काढत होती आणि तिच्या गळ्याची हाडं वर येत चालली होती.

अशात अक्का आल्या.

अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात त्यांची नोकरी झाली. शुद्ध पाण्याला रंग, वास, चव असता कामा नये, हा नियम त्यांनी घरच्या स्वयंपाकालाही लावला होता. त्यांच्याकडे एकदा जेवलेला पाहुणा दुसऱ्यांदा जेवूनच येई. वस्ताद आणि त्या कित्येक वर्षं एकमेकांना पाण्यात पाहत होते. एकाच खोलीत असले तरी बोलणं बायकोच्या मार्फत. "तुझ्या नवऱ्याला सांग, पंखा कमी कर," असं अक्का म्हणत, आणि पंख्याच्या बटणाला हात लावून बसलेले वस्ताद बायकोनं निरोप देईपर्यंत थांबत.

अक्कांनी पिशवीतून डबा काढला. आत बटाट्याचं सूप होतं. सूप म्हणायचं ते अक्कांचा मान राखून. बटाट्याला उकळत्या पाण्यात पश्चात्ताप झाल्यासारखं ते दिसत होतं. वस्तादांनी मनातल्या मनात बायकोची कीव केली. बायकोनं एक चमचा घेतला. मग दुसरा. मग वाडगा तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवला नाही.

"अक्का, आणखी आहे?"

वस्ताद बाल्कनीत जाऊन उभे राहिले. चारशे माणसं ज्याच्या हातचं खाऊन बोटं चाटतात, त्याच्या घरात त्या गढूळ पाण्याला मागणी यावी! नावडतीचं मीठ आळणी असतं हे ठाऊक होतं. इथे आवडत्याचं मीठ गंजकं निघालं होतं. पण आतून बायकोला चक्क ढेकर आली, आणि वस्तादांना एकदम हलकं वाटलं. आपल्याला राग आलाय की बरं वाटतंय, ते त्यांना ठरवता येईना.

रोज डबा येऊ लागला. गळ्याची हाडं जराशी बुजली. पण दुसऱ्या किमोनंतर अक्कांचा पाय मुरगळला आणि चार मजले चढणं बंद झालं. वस्ताद म्हणाले, त्यात काय, पाण्यात बटाटा तर उकळायचा. त्यांनी उकळला. बायकोनं पहिल्याच चमच्याला डोळे बारीक केले.

"यात काहीतरी घातलंय तुम्ही."

"काही नाही."

"अहो."

"मिरी. एकच दाणा. तोही नंतर काढून टाकला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिरी टाळली, तर लोण्याचा हात फिरला. तिसऱ्या दिवशी काहीच घालायचं नाही म्हणून हात पाठीमागे बांधून उभे राहिले, आणि तरी बटाटे उकळायच्या आधी नकळत परतले गेले होते. तीस वर्षांची सवय. हात डोक्याचं ऐकेनात. शेवटी गर्व गिळून ते अक्कांच्या दारात गेले.

अक्का पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. निरोप द्यायला मध्ये कोणी नव्हतं. दोघांनीही सवयीनं तिसऱ्या माणसासाठी दाराकडे पाहिलं. मग वस्तादांनी सांगितलं की मला ते सूप शिकायचंय.

"का? तुमचं काय झालं?"

"माझ्यात चव येते," वस्ताद म्हणाले.

अक्कांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. चेष्टा आहे का, ते त्या चाचपत होत्या. नव्हती. त्या भिंतीला धरून लंगडत स्वयंपाकघरात गेल्या आणि शिकवणी सुरू झाली. बटाटे सोलून ठेवा. धुवा. पुन्हा धुवा. आता हात खिशात घाला. वस्तादांनी हात खिशात घातले. पाणी उकळू लागलं तसा त्यांचा उजवा हात आपोआप बाहेर येऊन मसाल्याच्या फळीकडे निघाला, आणि अक्कांनी त्यावर पळी मारली.

बटाटे शिजेपर्यंत बराच वेळ होता. अक्का भांड्याकडे बघत म्हणाल्या की माझ्या हाताला चव नाही हे मला माहीत आहे. आई तर सगळ्यांदेखत सांगायची. तुमचं लग्न नवं असताना माझ्याकडे सगळे जेवायला होते, तेव्हा तुम्ही माझ्या आमटीचं भांडं पंगतीतून उचलून पुन्हा शेगडीवर चढवलंत आणि नीट करून आणलंत. सगळ्यांनी वाखाणलं. मीही खाल्लं, छान झालं होतं. तेव्हापासून मी तुमच्याशी बोलत नाही.

वस्तादांना तो दिवस आठवत होता, तो वाहवा मिळालेला दिवस म्हणून. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण गेले दोन महिने दाबून ठेवलेलं दुसरंच काहीतरी वर आलं. भांड्यावर वाकून पळी फिरवता फिरवता हा दांडगा माणूस हुंदके देऊ लागला. तिला काय होईल, म्हणाले. मला सुईसुद्धा बघवत नाही, अक्का. मला एक स्वयंपाक येतो, आणि तोही तिला चालत नाही.

अक्कांनी त्यांना दंडाला धरून शेगडीपासून बाजूला केलं.

"वस्ताद, रडायचं तर तिकडे खिडकीपाशी रडा. सुपात मीठ पडेल."

वस्ताद खिडकीपाशी जाऊन रडले. सूप आळणीच झालं. अक्कांनी ते चाखलं, काहीच लागलं नाही, आणि त्यांनी समाधानानं मान हलवली.

त्या संध्याकाळी बायकोनं वाडगा संपवला आणि विचारलं, "अक्कानं पाठवलं?" वस्तादांनी हो म्हणून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या हातच्या पदार्थाचं श्रेय दुसऱ्याला दिलं. वाडगा परत करताना त्यांच्या बोटांवर तिनं आपली बोटं क्षणभर टेकवली. तिला कळलं होतं की नव्हतं, हे वस्तादांनी कधी विचारलं नाही.

पुढच्या किमो अशाच गेल्या. कधी ताप, कधी तोंड आलेलं, कधी दोघांचंही विनाकारण भांडण. केस गेले, मागोमाग भुवयाही गेल्या. बरं वाटेल त्या दिवसांत ती दुकानात जाई, डोक्याला रुमाल आणि डोळ्यांवर जाड काळी फ्रेम, काचा साध्या. भुवया नाहीत हे फ्रेममागे कोणाच्या लक्षात येत नसे. एका गिऱ्हाइकानं तसलीच फ्रेम मागितली, तेव्हा तिनं सांगितलं की ही पेलायला आधी बऱ्याच गोष्टी काढून टाकाव्या लागतात. वस्तादांना नर्सनं पाठमोरी खुर्ची देऊन ठेवली होती. चौथ्या खेपेला त्यांनी ती स्वतःच फिरवली आणि सुई जाताना पूर्ण पाहिली. घामानं भिजले, पण पाहिली. बायको म्हणाली, "काय मोठं, टोचली मला."

अक्कांचा पाय बरा झाला आणि त्या पुन्हा येऊ लागल्या. आता त्या थेट बोलत, आणि एकदा बांध फुटल्यावर मागची सगळी बाकी वसूल करत. पंखा, दरवाजा, वस्तादांचं वजन, काहीही सोडत नसत. बायको पडल्या पडल्या म्हणायची की तुमचं बोलणं बंद होतं तेच बरं होतं, मला निदान मधलं गाळता यायचं.

किमो संपली. हळूहळू जीभ जागी होऊ लागली, पण लहरीनं. एक दिवस लिंबू कळे, दुसऱ्या दिवशी काहीच नाही. डोक्यावर लव आली, तीही कुरळी, आयुष्यात कधी नव्हती तशी. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा उलटसुलट पाहिला आणि सांगितलं की सध्या काहीही दिसत नाही. दर तीन महिन्यांनी या. वस्तादांनी या खेपेला प्रत्येक शब्द ऐकला आणि 'सध्या' हा शब्द त्यांना आवडला नाही, पण तो त्यांनी मुकाट्यानं घरी न्यायचं ठरवलं.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर सँडविचची गाडी होती. तव्यावर तुपाच्या नावाखाली कसलंतरी तेल धुमसत होतं. वस्ताद नाक दाबून पुढे निघाले, आणि मागे वळून बघतात तर बायको गाडीपाशी थांबलेली.

"मला भूक लागलीय," ती म्हणाली.

घरी जाऊन करतो, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी तिथेच थोपवलं, परत येऊन रांगेत उभं राहून सँडविच सांगितलं आणि गाडीवाल्याला फक्त तवा नीट तापू दे, एवढंच म्हणाले. ती फूटपाथवर उभी राहून खाऊ लागली. हनुवटीवरून चटणी ओघळली तरी तिनं पुसली नाही. मध्येच अर्धा तुकडा त्यांच्या पुढे धरला. वस्तादांनी घास घेतला. पाव शिळा, तेल जुनं, चटणीत नुसतं मीठ.

"कसं आहे?" तिनं विचारलं.

"मस्त," वस्ताद म्हणाले आणि आणखी एक सांगायला पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले.